वेशीच्या आत, वेशीच्या बाहेर
हिंगोलीच्या खेड्यांतील जीवित, वित्त आणि राखण

‘जीवित व वित्त’ ही शब्दांची जोडी आजकाल आपणांस पूर, वादळ किंवा आग ह्यांच्या बातम्यांतच भेटते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र हे दोन शब्द रोजच्या दिवेलागणीला मनात येत असत. गुरे घरी आली का, वेस लागली का, पेवावर माती नीट दडपली आहे का, परगावी गेलेला माणूस उजेडी परतला का, ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज खेड्यातील घराला झोप येत नसे. इतिहासाच्या पुस्तकांत राजे आणि लढाया असतात. पण ज्या राज्यात आपण राहतो त्या राज्यात आपले दार रात्री सुरक्षित आहे काय, ह्या एका प्रश्नाने सामान्य माणूस राज्याची परीक्षा करीत आला आहे. हाच प्रश्न हाती धरून मराठवाड्यातील एका लहानशा मुलखाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास चाळून पाहावा, असे आम्ही योजिले आहे. तो मुलूख म्हणजे हिंगोली.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. पोटातून कयाधू वाहते, उत्तरेच्या अंगाला पैनगंगा. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड. हा सर्व प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचा. मात्र वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात गेले आणि ह्या खेड्यांच्या उशाशी सरहद्द आली. ह्या सरहद्दीचा पुढे वारंवार संबंध येणार आहे, म्हणून ती येथेच सांगून ठेवितो. अलीकडे चोरी करावी आणि रातोरात पलीकडे जावे, ही सोय चोराला होती, तशीच जुलमातून निसटणाऱ्यालाही होती.

वसई-उत्तनच्या आपल्या वाचकांना मराठवाड्याचे जुने खेडे डोळ्यांपुढे आणणे थोडे अवघड जाईल. आपल्याकडे घरे वाड्यावाड्यांतून, बागायतीत विखुरलेली. विहीर, बाव आणि घर ह्यांच्यामध्ये झाडांखेरीज दुसरा आडपडदा नाही. मराठवाड्यात तसे नाही. तेथे गावाची वस्ती ती ‘पांढरी’ आणि पिकाऊ जमीन ती ‘काळी’. सारी घरे पांढरीत एकमेकांना खेटून, भिंतीला भिंत लावून बसलेली. वर मातीची माळवदे, रस्त्याकडे पाठ केलेल्या उंच भिंती, आणि बाहेरच्या अंगाला खिडकी म्हणून जवळजवळ नाहीच. मध्ये उंचावर पाटील-देशमुखांची गढी. सभोवती गावकूस आणि त्यात दारे असलेली वेस. आजच्या माणसाला हे कोंदट वाटेल, परंतु त्या भिंतींचा प्रत्येक हात भीतीने मोजलेला होता. ज्वारी जमिनीखालच्या पेवात किंवा भिंतीतल्या बळदात; लग्नात घातलेले चांदीचे डाग चुलीजवळ पुरलेले. शेतकऱ्याची सारी दौलत म्हणजे बैलजोडी, पितळेची भांडी, पेवातले धान्य आणि ते चार डाग. त्याची बैलजोडी पेरणीच्या तोंडावर गेली तर वर्ष गेले आणि वर्ष गेले की सावकाराच्या वहीत नाव चढले. ‘वित्त’ गेल्याने ‘जीवित’ही कसे जाते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

ह्या गावाची राखण कशी होत असे? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने पेशवाई बुडाल्यावर, १८१९ साली, जिंकलेल्या मुलखाविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचे वर्णन आहे. मुलूख पेशव्यांचा असला तरी गावगाड्याची घडण दख्खनभर सारखीच होती, म्हणून ते आपल्या कामाचे आहे. रात्री पहारा करणे, गावात आला-गेला कोण ह्यावर नजर ठेवणे, गावातील प्रत्येक माणसाचे चालचलन ठाऊक असणे, आणि चोरी झाली तर चोर हुडकणे ही जागल्याची कामे. चोर सापडला नाही तर त्याने पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत गेला आणि त्या गावच्या जागल्याची खात्री पटवून दिली, म्हणजे जबाबदारी त्या गावाची. माग जेथे थांबेल त्या गावाने चोर तरी द्यावा, नाही तर भरपाई तरी करावी. आजच्या कायदेपंडिताला ही पद्धत ओबडधोबड वाटेल. तिच्यात निरपराध गावाला दंड बसण्याचा धोका उघड आहे. तरीही तिच्यात एक गोष्ट होती, जी पुढच्या कोणत्याही पोलीस खात्यात आम्हांला दिसत नाही : चोरीला गेलेल्या बैलाची किंमत ज्याची त्याला परत मिळावी, ही व्यवस्थेची पहिली चिंता होती, गुन्हेगाराची शिक्षा ही दुसरी.

आता हा जागल्या कोण? गावोगाव हे काम बहुतेक महारांकडे असे. येसकर, तराळ, जागल्या ही त्याच कामांची नावे. वेस उघडणे-लावणे येसकराकडे, सरकारी निरोप व वाटसरूला वाट दाखविणे तराळाकडे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणेही त्यांच्याकडेच, कारण शीव त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे. बदल्यात बलुते, थोडी वतनी जमीन आणि घरोघरची भाकर. आणि त्यांची घरे कोठे? गावकुसाच्या बाहेर. साऱ्या गावाचे जीवित व वित्त ज्याच्या हातात, त्याच्या स्वतःच्या बायकामुलांना मात्र भिंत नाही आणि वेसही नाही! दरोडा आला तर पहिला वार त्याच्या झोपडीवर. मराठवाड्याच्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाणारे लेखक ह्या गोष्टीपाशी आले की घाईने पुढे जातात. आपल्याला ती घाई करता येणार नाही, कारण नगर व जालना भागांतील आपल्या ख्रिस्ती समाजाच्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज ह्याच बाहेरच्या वस्तीतून आले आहेत.

गावाने आपली राखण आपण करावी हा रिवाज काही एकट्या दख्खनचा नव्हे. इंडोनेशियातील जावा बेटावर आजही खेड्यातील पुरुष पाळीपाळीने रात्रीची गस्त घालतात. नाक्यावर एक छोटी चौकी असते, तिच्यात पोकळ लाकडाचा लांबट ठोकळा टांगलेला असतो. त्याला ‘केंतोंगान’ म्हणतात. चोर आला तर एक ठेका, आग लागली तर दुसरा, मरण झाले तर तिसरा. आणि ह्या गस्तीला ते लोक शब्द वापरतात ‘रोंदा’. हा शब्द तेथे पोर्तुगिजांबरोबर गेला. आपल्या वसईच्या वाचकांना ह्याची गंमत वाटेल. तेथे पाळी घरटी असते, आपल्याकडे पहारा जातीवर सोपविलेला होता. हा फरक लहान नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंगोलीच्या मुलखाची स्थिती अत्यंत शोचनीय होती. उत्तरेकडून पेंढाऱ्यांच्या टोळ्या निजामाच्या राज्यात शिरत. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा बीमोड केला, पण तोवर गावे उजाड झाली होती. त्याहून चिवट संकट दरबारी होते. दिवाण चंदुलाल ह्याच्या कारभारात वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदाराला आज मिळालेला परगणा उद्या दुसऱ्याला जाण्याची धास्ती, म्हणून एका वर्षात दोन वर्षांचे पिळून घेण्याची घाई. फौजेच्या पगारासाठी हैदराबादच्या पामर आणि कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढलेले, त्याचा भार अखेर कुणब्याच्याच डोक्यावर. पेंढारी वर्षातून एकदा येई. मक्तेदाराचा माणूस गावात मुक्काम ठोकून बसे.

अशा काळात ज्याच्याजवळ गढी आणि माणसे, तोच राजा. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर हटकर नाइकांचे असे बळ होते. त्यांच्यातील नोवसाजी नाईक ह्याने उमरखेड-हदगावच्या टापूत निजामाची सत्ता झुगारून दिली. त्याचे मुख्य ठाणे नव्हा येथील गढी. आत पाचशेच्या आसपास शिबंदी, तीत अरबांचा भरणा. मेजर पिटमन ह्याच्या हाताखाली निजामाच्या नव्या कवायती फौजेने ८ जानेवारी १८१९ रोजी गढीला वेढा घातला आणि ३१ जानेवारीला सुरुंगाने तट फोडून हल्ला केला. आतील बहुतेक लोक कापले गेले. इंग्रजी कागदांत नोवसाजी हा लुटारू, तर त्याच्या समाजाच्या आठवणीत तो परकीय सत्तेशी लढणारा वीर. आम्हांला वाटते, दोन्ही बाजूंचे लेखक त्या टापूतील सामान्य कुणब्याला विचारावयास विसरले. नाईक त्याच्याकडून खंडणी घेत असेल, परंतु दुसऱ्या नाइकापासून आणि मक्तेदारापासून त्याला वाचवीतही असेल. संरक्षण आणि लूट ह्यांच्यामधली रेघ त्या काळी फार पुसट होती.

ह्याच सुमारास हिंगोली येथे त्या कवायती फौजेची छावणी बसली. ही फौज पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. अधिकारी इंग्रज, पैसा निजामाचा. छावणीबरोबर मोठा बाजार आला, सावकार आले, नागपूर-हैदराबादकडचा व्यापार आला. आता तरी मुलूख निर्धास्त झाला असेल असे कोणालाही वाटेल. परंतु ह्याच छावणीच्या बाजारात जे घडले, त्यासारखी विलक्षण हकीकत महाराष्ट्राच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. साहेब लोकांशी त्याचा देण्याघेण्याचा व्यवहार होता. निजामाच्या नोकरीतील कॅप्टन मेडोज टेलर ह्याने स्वतः त्याच्याकडून खरेदी केली होती. त्यानेच १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ठगावरील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत लिहून ठेविली आहे. एकदा ह्या हरिसिंगाने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणावयाचे आहे, परवाना मिळावा. परवाना मिळाला. वस्तुतः ते कापड हिंगोलीनजीकच्या एका गावच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते आणि तो आपल्या मालाबरोबर वाटेवर होता. हरिसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. पुढे ठगांची धरपकड होऊन त्याने स्वतः कबुली दिली नसती, तर हे कधीच कळले नसते. कबुली देताना त्याला पश्चात्ताप नव्हता. मोठी थट्टा केली असा त्याचा आविर्भाव होता.

एवढ्यावरच हे थांबत नाही. मुख्य पहाऱ्याच्या चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात, त्याच्या टोळीने माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका लहानशा कोरड्या ओढ्याच्या पात्रात पुरली. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवाव्यात आणि खणावे तेथे प्रेते निघावीत. टेलर तेथे हजर होता. अखेर बघणाऱ्यांनाच शिसारी येऊन खणणे थांबविण्यात आले. तो ओढा शेजारच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यालगत होता, म्हणजे बाजारहाटाला येणारी-जाणारी माणसे रोज त्या कबरींवरून चालत होती.

ह्या गोष्टीत आम्हांला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ठगांना बळी पडत ते मुख्यतः वाटसरू : व्यापारी, यात्रेकरू, रजेवर घरी जाणारे शिपाई. कंबरेला वर्षाची शिल्लक बांधून शिपाई निघे. म्हणून कंपनीच्या फौजेत १८१० सालीच हुकूम निघाला होता, की शिपायांनी रोख बरोबर नेऊ नये, हुंडी करून पैसे पाठवावेत. खेड्यातील जागल्या आपल्या शिवेपुरता जबाबदार. दोन गावांमधल्या वाटेवर जो मेला त्याचा वाली कोणीच नव्हता. माग काढावा तर फिर्याद कोणी करावयाची? त्याच्या घरच्यांना वाटे तो परदेशी गेला. छावणीला शत्रूची फौज दिसत होती, शेजारचा दुकानदार दिसत नव्हता.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ठगांविषयी आपल्याजवळ असलेली बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आली आहे, आणि जीव वाचविण्यासाठी बोलणारा माणूस विचारणाऱ्याला हवे तेच बोलतो. ठग म्हणजे देवीच्या नावाने खून करणारा एक देशव्यापी पंथ, हे स्लीमन आदी अधिकाऱ्यांनी रंगविलेले चित्र आजचे अनेक इतिहासकार जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. ओढ्यातील प्रेते खरी. त्यांवर उभारलेला सिद्धान्त शंकास्पद, इतकेच आम्ही म्हणू. त्या सिद्धान्ताचे परिणाम मात्र फार दूरवर गेले. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला, आणि त्याच विचारसरणीतून १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा निघाला. त्याने जन्मलेले मूल जन्मतःच चोर ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जावयाचे ही सवय पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी सोडलेली नाही. एकाच्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्याच्या पोराला जन्मभर संशयात ठेवणे, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

छावणी असूनही धामधूम संपली नाही. पगार थकलेले रोहिले व अरब शिपाई सावकारीही करीत आणि लूटही करीत. १५ जानेवारी १८५९ रोजी रिसोडजवळच्या चिचांबा गावी कंटिंजंटच्या तुकडीची अशा बंडखोरांशी गाठ पडली. कॅप्टन क्लॉगस्टन ह्याने तेथे केवळ आठ स्वारांनिशी चढाई केली आणि त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे १८६२ साली तो हिंगोलीतच मारला गेला. चिचांब्याच्या गावकऱ्यांचे त्या दिवशी काय झाले, हे मात्र पदकांच्या यादीत सापडत नाही.

सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली, तालुकदार नेमले, पोलीस खाते उभे केले. गावात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी अशी त्रयी आली. मोठे दरोडे कमी झाले हे खरे. पण अमीनसाहेब गावात आले म्हणजे कोंबडी, तूप आणि वेठीचे गडी ह्यांची तरतूद गावाने करावयाची असे. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन होऊन हिंगोलीची छावणीही उठली.

त्यानंतरचे मोठे वादळ १९४७-४८ चे. देश स्वतंत्र झाला आणि निजामाने विलीन होण्यास नकार दिला. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला; शिंदीची झाडे तुटली, करोडगिरीचे नाके जळाले. दुसरीकडे कासिम रझवीचे रझाकार गावोगाव धुमाकूळ घालू लागले. सरहद्दीवरच्या खेड्यांतून बायकामुले, गुरे घेऊन माणसे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी सशस्त्र प्रतिकाराचे कॅम्प उभे राहिले. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते वापटीचे बहिर्जी शिंदे ह्याच लढ्यात कामी आले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य शिरले, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि मराठवाड्याने सुटकेचा श्वास घेतला.

परंतु इतिहास येथे थांबवून चालत नाही. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उसळली आणि ज्यांनी कधी रझाकारांचे तोंड पाहिले नव्हते असे मुसलमान शेतकरी, विणकर, दुकानदार तीत सापडले. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने वर्षअखेरीस संस्थानात दौरा केला. तिच्या अंदाजाप्रमाणे संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत अधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ह्या जिल्ह्यांना बसली. नांदेड म्हणजे हिंगोलीचा सख्खा शेजारी. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. त्याच अहवालात जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख आहे. आमच्या मते ही बाजू शाळेच्या पुस्तकांत रझाकारांच्या अत्याचारांइतक्याच ठळकपणे यावयास हवी.

आणि गावकुसाबाहेरची ती घरे? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि काही दिवसांतच मराठवाड्याच्या शेकडो गावांतून दलित वस्त्या पेटल्या. नांदेड व परभणी हे जिल्हे, म्हणजे आजचा हिंगोलीही त्यांत आला, होरपळून निघाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे ह्यांना ठार करण्यात आले. ह्या वेळी हल्लेखोर परमुलखातून आले नव्हते, रात्रीच्या अंधारात माग काढण्याचीही गरज नव्हती. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेस राखली, त्यांच्या घरांवर त्या वेशीतूनच माणसे चालून गेली. धान्य जळाले, भांडी विहिरीत टाकली गेली, पुष्कळ कुटुंबे शहराकडे निघून गेली ती परतली नाहीत. नामविस्तार व्हावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

दरम्यान गावाच्या राखणीची जुनी घडी कायद्याने मोडली होती. वतने गेली, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा वंशपरंपरेचा न राहता नेमलेला सेवक झाला. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. तिच्या समित्यांनी बांधावरचे कितीतरी तंटे मिटविले, काही ठिकाणी बक्षिसासाठी कागदावरच मिटविले, असेही ऐकिवात येते. गावकुसे पावसात विरघळून गेली आहेत. बऱ्याच गावी जुन्या वेशीच्या जागी सिमेंटची रंगीत कमान उभी आहे. तिला दारे नाहीत. पोलीस पाटलाच्या पदाला आता लेखी परीक्षा असते, अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी जागा राखीव असतात. त्यामुळे एखाद्या गावी रात्री काही बरेवाईट घडले, तर ज्या घरी ठाण्याला कळविण्यासाठी लोक धावत जातात, ते घर पूर्वीच्या येसकराच्या नातीचे असू शकते.